लाईट आली की स्वतःच वेळ लावून घेणारं घड्याळ. घरच्या घरी असं बनवा

शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. पाटाच्या पाण्याची पाळीही ठरलेल्या वेळेला. अशात घरातलं विजेवरचं साधं डिजिटल घड्याळ लाईट गेली की बंद पडतं आणि परत आली की चुकीची वेळ दाखवत बसतं. यावर उपाय आहे: इंटरनेटवरून स्वतःच वेळ विचारून घेणारं घड्याळ. नववी-दहावीची मुलंसुद्धा मोठ्यांना सोबत घेऊन ते बनवू शकतात.

काय काय लागतं?

- नोडएमसीयू बोर्ड. यात ईएसपी८२६६ ही चिप असते. म्हणजे वायफाय असलेला छोटासा संगणकच.
- टीएम१६३७ नावाचा चार आकडी डिस्प्ले
- चार जंपर वायरी
- ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर आणि बोर्डाला बसणारी यूएसबी केबल
- कोड टाकण्यापुरता कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप

केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही, आणि बोर्ड खराब निघाला असं वाटतं. बोर्ड आणि डिस्प्ले पिना लावलेले घेतले तर सोल्डरिंगचीही गरज नाही.

जोडणी कशी करायची?

डिस्प्लेवर चार पिना असतात. व्हीसीसी बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला, जीएनडी जीएनडीला, सीएलके डी१ला आणि डीआयओ डी२ला जोडा. केबल लावण्याआधी वायरी एकदा तपासा. पहिल्या दोन उलट लागल्या तर डिस्प्ले जळू शकतो.

कोड आणि वेळ

अर्डुइनो आयडीई हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात ईएसपी८२६६ बोर्डाची आणि टीएम१६३७ची लायब्ररी टाका. कोडमध्ये तुमच्या वायफायचं नाव व पासवर्ड अचूक लिहा.

घड्याळ सुरू झालं की ते एनटीपी पद्धतीने वेळेच्या सर्व्हरला वेळ विचारतं. प्रश्न ४८ बाइटचा, उत्तरही साधारण तेवढंच, त्यामुळे डेटा नावालाच लागतो. मात्र सर्व्हर जागतिक वेळ देतो. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. साडेपाच तासांचे सेकंद होतात १९८००. हा आकडा कोडमध्ये घातला की भारतीय वेळ दिसते. तो विसरला, तर दुपारी साडेबाराला घड्याळात सकाळचे सात वाजतील.

घरी वायफाय नसेल तर?

मोबाईलचा हॉटस्पॉट चालतो. फक्त तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ही चिप ५ गिगाहर्ट्झ पकडत नाही. एकदा वेळ लागली की हॉटस्पॉट बंद केला तरी घड्याळ चालत राहतं. हळूहळू काही सेकंदांचा फरक पडतो, पुन्हा नेट मिळालं की कोड तो दुरुस्त करतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. लाईट जाऊन परत आली आणि तेव्हा नेट नसेल, तर या घड्याळाला वेळ कळत नाही. गावात रेंजची अडचण असेल तर डीएस३२३१ हे मॉड्यूल जोडा आणि कोडमध्ये त्याची सोय करा. त्यातल्या बटण सेलमुळे लाईट नसतानाही वेळ आत मोजली जाते.

हे मात्र करू नका

घड्याळ जमलं की पुढचा विचार हमखास येतो: यावरच मोटर चालू-बंद करता येईल का? बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो, थ्री फेज मोटरला सुमारे ४०० व्होल्ट लागतात. घड्याळाच्या वायरी स्टार्टरला जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या कामाला जाणकार वायरमन आणि योग्य सामानच हवं. घड्याळाचं काम वेळ सांगण्याचं, तेवढंच त्याच्याकडून करून घ्या.