आपल्या हातचे शुभेच्छापत्र

मैत्रिणींनो, संक्रांत जवळ आली की आपली धांदल सुरू होते. तीळ निवडायचे, गूळ किसायचा, हळदीकुंकवाची वाणे आणायची. या सगळ्यात एक गोष्ट मात्र हल्ली मागे पडली आहे. पूर्वी याच सुमारास तिळगुळाची छापील शुभेच्छापत्रे दुकानात मांडलेली असत. आत हलव्याची इवलीशी पुडी ठेवून लखोटा पोस्टात पडे आणि लांबच्या जावेला, नणंदेला, मैत्रिणीला घरबसल्या तिळगूळ पोचे. आता मोबाइलवर एक चित्र येते, ते आपण जसेच्या तसे दहा जणींना पुढे पाठवतो, आणि संध्याकाळी कुणी काय पाठवले होते तेही आठवत नाही.

म्हणून यंदा निदान चार माणसांसाठी तरी आपल्या हातचे कार्ड करून बघा. चित्रकला येत नाही म्हणून घाबरू नका. मलाही येत नव्हती. माझे पहिले कार्ड भाच्याच्या मुंजीसाठी केले होते. पातळ कागद घेतला, त्यावर डिंक भरपूर ओतला, स्केचपेनने नाव लिहिले आणि ओल्या हाताने पुसून काढले! कागदाला सुरकुत्या पडल्या, नावाची शाई पसरली, आणि एवढे करून कार्ड लखोट्यात मावेना. शेवटी मुंजीला नुसते पाकीट घेऊन गेले. पुढे मी सांगणार आहे ते त्या फजितीतूनच शिकलेले आहे.

साहित्य कोणते घ्यावे?

सुरुवातीलाच बाजारातून पिशवीभर सामान आणू नका. एवढे पुरे आहे: जाड कागदाचे पाच-सहा ताव, स्टीलची पट्टी, धारदार कात्री, पेन्सिल, खोडरबर, शाई न पसरणारे काळे पेन, डिंक किंवा फेव्हिकॉल आणि शाई संपलेली एक रिफील. ही रिफील कशाला, ते पुढे सांगते.

बाकीचे घरातच सापडेल. जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. त्यांचा कागद जाड आणि गुळगुळीत असतो, कडेला सोनेरी वेलबुट्टी असते. गणपतीच्या चित्राला कात्री लावायला मन घेत नाही, तेव्हा तेवढा चौकोन अलगद कापून नव्या कार्डावर तसाच बसवावा. शिंप्याकडचे खणाचे, इरकलीचे तुकडे, जुन्या साडीचा जरीचा काठ, लेस, टिकल्या, राखीचा रेशमी दोरा, सगळे एका डब्यात साठवत जा.

कागदाविषयी थोडेसे

दुकानदाराला 'कार्डशीट' मागा आणि दोनशे ते अडीचशे 'जीएसएम'चे हवे म्हणून सांगा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. वहीचा कागद साधारण साठ-सत्तरचा असतो, तो कार्डाला उभा राहत नाही. तीनशेच्या पुढचा घेतला तर नवशिक्या हाताने घडी नीट बसत नाही.

हातकागद मिळाला तर फारच छान. हातकागद म्हटले की आपल्याला लांबचे काही वाटते. पण आपल्या जालन्याच्या शेजारीच, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, दौलताबादहून वेरूळकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी देवगिरीला आणली, त्या काळात आलेल्या कारागिरांनी ही कला इथे रुजवली असे सांगतात. गावाचे नावच या धंद्यावरून पडले. सुती चिंध्या कुजवायच्या, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवून चाळणीसारख्या साच्यावर उचलायचा, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी ही जुनी रीत. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू केली. आपल्या जिल्ह्यात कापूस काही कमी नाही. त्याच कापसाच्या चिंधीवर आपण लिहितो आहोत, ही कल्पनाच मला फार आवडते. एक मात्र लक्षात ठेवा, काही हातकागदांवर शाई फुटते. आधी कोपऱ्यावर एक रेघ ओढून बघा.

घडी आणि लखोटा

ए-फोर आकाराचा जाड ताव घ्या आणि लांबीच्या मधोमध कापा. दोन तुकडे होतील. प्रत्येक तुकडा मध्यात दुमडला की साधारण साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरचे कार्ड तयार. एका तावात दोन कार्डे!

आता ती रिफील. जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर भेगा पडतात. म्हणून घडीच्या जागी पट्टी धरून रिकामी रिफील दोनदा दाबून ओढा. कागद कापायचा नाही, नुसती चर पडली पाहिजे. मग दुमडून चमच्याच्या पाठीने घासा. कारखान्यातल्या कागदाचे तंतू एका दिशेने असतात. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटते आणि दुसऱ्या बाजूने वेडेवाकडे, ते त्यामुळेच. ताव हलकेच आडवा आणि उभा वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकेल त्या बाजूने घडी घातली तर ती स्वच्छ येते.

लखोटा विकत आणायची गरज नाही. साध्या ए-फोर कागदातून एकवीस सेंटिमीटरचा चौरस कापा. तो शंकरपाळ्यासारखा, म्हणजे टोक आपल्याकडे करून ठेवा आणि मधोमध कार्ड आडवे ठेवा. कार्डाच्या चारी बाजूंना दोन-दोन मिलिमीटर जागा सोडून चारी टोके आत दुमडा. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथल्या छोट्या त्रिकोणी खाचा कापून टाका. आधी डावे-उजवे टोक आत घ्या, त्यावर खालचे टोक कडेकडेने चिकटवा. वरचे टोक म्हणजे झाकण. आधी कार्ड, मग त्याच्या मापाचा लखोटा, हा क्रम कधी उलटा करू नका.

चिकटवायला काय?

कापड, लेस यांना फेव्हिकॉल चांगला, पण बोटाने नाही, काडीने आणि अगदी थोडा. पातळ कागदाला घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, खिरीइतके दाट आणि जरा चकचकीत झाले की उतरवा. जुनी माणसे खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालीत. पण तो विषारी, मुलाबाळांच्या घरात नकोच. खळ थोडीच करा आणि दोन दिवसांत संपवा. चिकटवून झाले की वर कोरा कागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा. माझ्या पहिल्या कार्डाला सुरकुत्या पडल्या त्या ही एवढी रात्र न थांबल्यामुळे.

सजावट

भेंडी आडवी चिरून जलरंगात बुडवा आणि कागदावर ठसा उमटवा, पाच पाकळ्यांचे फूल तयार! मोसंबीची फोड आडवी कापून, रस टिपून, तासभर वाळू द्यावी, मग तिचे सुरेख चक्र उमटते. आपट्याची, कडुनिंबाची पाने, झेंडूच्या सुट्या पाकळ्या वर्तमानपत्रात घालून आठ-दहा दिवस वजनाखाली ठेवा. ओलसर राहिलेले पान कार्डावर लावले तर बुरशी धरते, तेव्हा घाई नको. आणि एका कार्डावर एकच गोष्ट करा. खणाचा तुकडा तरी लावा, नाहीतर पाने. दोन्ही, वर टिकल्या आणि त्यावर चमकी, असे झाले की कार्डाचा रुखवत होतो!

आत काय लिहावे?

इथे मला शाळेतली एक गोष्ट सांगायची आहे. आठवड्यातून काही दिवस मी कार्यानुभवाचे तास घेते. एका संक्रांतीला सहावीच्या वर्गाकडून कार्डे करून घेत होते. फळ्यावर चांगला मजकूर लिहून दिला, मुले तो उतरवू लागली. एक मुलगी मात्र कोरे कार्ड पुढे घेऊन बसलेली. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले, ती आजीपाशी राहिलेली. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची ही दरवर्षीची कथा आहे.

मी विचारले, "का गं, लिहीत का नाहीस?"

ती म्हणाली, "बाई, माह्या मायला वाचता नाही येत."

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचेना. दोन दिवस मी कागद शिकवला, घडी शिकवली, मजकूर दिला. पण हे कार्ड कोण उघडणार, हा प्रश्न मी एकाही मुलाला विचारला नव्हता.

मी तिला म्हटले, "उद्या आण. तुझ्या आईला काय बघायला आवडेल, ते घरी जाऊन ठरव." दुसऱ्या दिवशी तिने कार्ड आणले. एका बाजूला शेळी आणि तिची नवी दोन करडे. आजी चुलीपाशी. दुसऱ्या बाजूला तिने स्वतःचा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. अक्षर एकही नाही. "मायला कळंल मी केवढी झाले," ती म्हणाली. फडावर जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर ते कार्ड गेले.

पाडव्यानंतर आई परत आली आणि मुलीला घेऊन शाळेत भेटायला आली. पिशवीतून तिने ते कार्ड काढले. घडीवर झिजलेले, कोपऱ्यावर तेलाचा डाग, कोपीतल्या धुराचा वास. फोनवर बोलणे व्हायचे म्हणाली, आठवड्यातून एकदा. "पण फोन ठेवला की सरलं, बाई. हे उशाला राह्यलं." पोरीने त्या रेघेवर पुन्हा हात ठेवून पाहिला. बोटे जराशी रेघेबाहेर आली होती.

तेव्हापासून मी कागद कापण्याआधी एकच विचारते, हे कोण उघडणार? सासऱ्यांना कमी दिसते, मग अक्षर ठळक आणि मोठे. भाची दोन वर्षांची, मग टिकल्या-मणी नकोत, ती तोंडात घालील. बहीण परदेशात, तर अंगणातल्या तुळशीचे चित्र. आणि मजकूर दोनच ओळींचा असला तरी आपला हवा. 'सुखसमृद्धीची जावो' हे सगळेच लिहितात. 'तुझ्या हातच्या गुळाच्या पोळीची आठवण येते' हे तुम्हीच लिहू शकता.

लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र काढून घेतले, कारण इतक्या जणांना पत्रे लिहायला त्यांना सवड नव्हती. छापील कार्ड वेळ वाचवायला जन्माला आले. आपले कार्ड वेळ द्यायला आहे.

पोस्टात टाकण्यापूर्वी

मणी, आरसे लावलेले कार्ड हातोहातच द्या, पोस्टाचा शिक्का बसला की ते फुटतात. जाड कार्डाचे वजन वाढते, तेव्हा पोस्टात वजन करूनच तिकीट लावा. पत्ता पिनकोडसह लिहा आणि सणाच्या आठ दिवस आधी टाका.

विकायची असतील तर

हात बसला की "विकत का नाहीस?" असे कुणीतरी म्हणेलच. जरूर विका, पण आधी एकाच नमुन्याची दहा कार्डे करा. कागद, लखोटा, डिंक, लेस यांचा खर्च मांडा आणि किती तास लागले तेही लिहा. त्या तासांची मजुरी किमतीत धरलीच पाहिजे. "तुला काय, घरीच तर असतेस" म्हणणाऱ्यांना तो हिशेबाचा कागद दाखवा.

पण पहिले कार्ड विकायला करू नका. आज दुपारी जेवणाची भांडी आवरली की एक जाड ताव घ्या आणि डोळ्यांपुढे एक माणूस आणा. खूप दिवसांत जिच्याशी बोलणे झाले नाही अशी कुणी असेल, तर तिच्यापासूनच सुरुवात करा. घडी जरा वाकडी आली तरी चालेल, ती तुमचा हात ओळखेल.