बोअरिंगआधीची सहा मापं: सरासरी कुठे फसवते?

धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथे ट्रकची वर्दळ कायम. जळगावकडे कापूस आणि केळीच्या पट्ट्यात ट्रॅक्टर. अशा गाडीचं इंजिन धूर सोडायला लागलं की ब्लॉक बोअरिंगला जातो. मशीनवर चढवण्याआधी तो मोजतात कसा, हे संशोधनात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं.

आधी ब्लॉक धुऊन तडे तपासायचे. साधी पद्धत म्हणजे रॉकेल लावायचं, पुसायचं आणि वरून खडूची पूड लावायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. तडा गेलेला ब्लॉक मोजण्यात अर्थ नाही.

मग डायल बोअर गेज. प्रत्येक सिलिंडरची वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर मापं घ्यायची. प्रत्येक उंचीवर दोनदा, एकदा क्रँकच्या दिशेत आणि एकदा तिला आडवं. समजा मूळ बोअर १०० मिमीचा आहे आणि आकडे असे आले:

वर: आडवं १००.३२, क्रँकच्या दिशेत १००.२४
मध्ये: १००.१५, १००.१२
खाली: १००.०४, १००.०३

सरासरी काढून बघा. बरोबर १००.१५. म्हणजे ०.२५ ओव्हरसाइज पिस्टन चालेल, असं वाटतं ना? इथेच फसगत होते. बोअर १००.२५ केला, तरी वरची झीज आधीच १००.३२ वर पोचली आहे. तिथे टूल टेकणारच नाही. रिंगा नीट बसणार नाहीत, कॉम्प्रेशन गळेल, ऑइल जळेल. मालकाचे पिस्टनचे आणि बोअरिंगचे पैसे पाण्यात. इथे ०.५० चाच पिस्टन लागतो. निर्णय सर्वात मोठा आकडा घेतो, सरासरी नाही.

झीज वरच जास्त का? पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तेलाचा थर पातळ होतो आणि दाब व उष्णता तिथेच सर्वाधिक असते. आडव्या दिशेत जास्त, कारण कनेक्टिंग रॉड पिस्टनला बाजूला ढकलतो. म्हणजे आकड्यांचा नुसता पसारा नाही, त्यात कारण दडलेलं आहे. सरासरी काढली की ते पुसलं जातं.

आता तापमान. मापनाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास. बिडाचा १०० मिमी बोअर २० अंशांच्या फरकाने साधारण ०.०२ मिमी वाढतो. उन्हातला ब्लॉक आणि एसी केबिनमधलं गेज घेऊन मोजाल, तर तेवढी चूक पदरात पडेल. दोन्ही काही तास एकाच सावलीत ठेवा. एकाच जागी तीनदा मोजा. तीन मापांतच ०.०२ चा फरक येत असेल, तर शेवटच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बोअरिंग झालं की झिजेचा पुरावा बुरादा होऊन खाली पडतो. पुन्हा मोजता येत नाही. तुमचा नमुना कापण्याआधी, डेटा 'साफ' करण्याआधी मूळ आकडे तारीख आणि तापमानासकट वहीत उतरवलेत का? नसतील, तर मशीन सुरू करू नका.