जोत्यांतील भर



घर बांधावयास निघालेला गृहस्थ विटा वाजवून पाहतो, सिमेंटच्या पोत्यावरील तारीख वाचतो, लोखंडाची जाडी मोजतो आणि फरशीच्या रंगावरून घरांतील मंडळींशीं आठ-आठ दिवस वाद घालतो. परंतु ती फरशी ज्या मातीवर बसावयाची ती माती कोठून आली, कोणत्या जातीची आली आणि किती आली, याची चौकशी तो सहसा करीत नाहीं. "भरच ती, कोणतीहि चालेल" असें म्हणून तें काम ट्रॅक्टरवाल्यावर सोंपविलें जातें. दोन पावसाळे उलटले म्हणजे फरशी मध्यें खचते, भिंतीच्या कडेनें बोट जाईल एवढी फट दिसूं लागते, दार चौकटींत अडकूं लागतें. आणि शिव्या मात्र गवंड्यास खाव्या लागतात. बुलढाणा जिल्ह्यांत घर बांधणारानें तर या बाबतींत विशेष सावध असलें पाहिजे, आणि त्याचें कारण येथील जमिनींतच आहे.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. गांवाचे दोन भाग ते मानीत : एक काळी आणि एक पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत हे दोन शब्द ज्यांनीं वाचले असतील त्यांना ते केवळ महसुलाचे वाटले असतील. परंतु त्यांत बांधकामाचें शहाणपणहि आहे. वऱ्हाडांतील जुन्या गढ्या आणि धाब्याचीं घरें पांढरींत उभीं राहिलीं. आज मात्र खामगांव, मलकापूर, चिखली, मेहकर या गांवांभोंवतीं जे नवे ले-आउट पडत आहेत, ते बहुतेक कालपर्यंत कापूस किंवा ज्वारी पिकविणाऱ्या शेतांत. म्हणजे आपण पांढरी सोडून काळींत राहावयास गेलों आहोंत. जावें लागलें, त्यास इलाज नाहीं. पण काळींत राहावयाचें तर काळीचा स्वभाव ओळखून राहिलें पाहिजे.

हा स्वभाव कसा आहे ? आपल्याकडील काळा खडक म्हणजे बेसॉल्ट झिजून, कुजून जी चिकण माती तयार होते तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज बरेंच असतें. फ्रान्समधील माँटमोरिलों या गांवावरून त्याला हें अवघड नांव पडलें. या खनिजाचा कण म्हणजे जणूं पोथीचीं सुटीं पानें एकावर एक रचलेलीं. पाणी मिळालें कीं तें पानापानांमध्यें शिरतें आणि पोथी फुगते. पाणी गेलें कीं ती पुन्हां चपटी होते. वैशाखांत शेताला पडलेल्या ज्या भेगांत हात जातो, त्या भेगा श्रावणांत कोठें जातात ? माती फुगून त्या मिटतात. शेतांत हा खेळ उपकारकच आहे, कारण जमीन आपली आपणच उलथीपालथी होते. परंतु हाच खेळ फरशीखालीं दरवर्षीं चालूं लागला तर ती फरशी किती वर्षें सपाट राहील ?

म्हणून पहिला नियम असा, कीं पायासाठीं खणलेली काळी माती जोत्यांत परत टाकूं नये. मोह फार होतो, कारण ती फुकट असते आणि दारांतच ढीग पडलेला असतो. ती मागच्या अंगणांत, झाडांच्या आळ्यांत, परसबागेंत पसरावी. तेथें ती सोन्यासारखी आहे. जोत्याच्या आंतील मूळ जमिनीवरचा गवताचा व मुळ्यांचा थरहि खरवडून काढावा. आणि भरीसाठीं मुरूम आणावा.

मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. त्यांत खड्याचा कणखरपणा असतो आणि किंचित् मातीचा चिकटपणाहि असतो, आणि ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. कित्येक सुशिक्षित लोक म्हणतात, "मग नुसती वाळूच कां घालूं नये ? ती तर मुळींच फुगत नाहीं." मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं काळ्या मातीच्या या प्रश्नाचा अनेक वर्षें अभ्यास केला. काळ्या जमिनीवर न फुगणाऱ्या, पण अंगांत चिकटपणा असणाऱ्या मातीचा सुमारें एक मीटर जाडीचा थर नीट दाबून बसविला तर खालची माती फुगण्यास आळा बसतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. कालव्यांच्या कामांत ही युक्ति वापरली गेली आहे. नुसत्या वाळूंत हा गुण नाहीं. शिवाय तिच्यांतून पाणी सरळ खालच्या काळींत उतरतें. घराच्या जोत्यांत पुरा एक मीटर थर प्रत्येकास परवडेल असें नाहीं, पण तत्त्व तेंच आहे.

आतां मुरूम कोठून आणावा ? आपला जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेनें दोन भागांत विभागला आहे. आपण रोजच्या बोलण्यांत त्यांना घाटावरचा व घाटाखालचा म्हणतों. घाटावर बुलढाणा, चिखली, देऊळगांव राजा, मेहकर या बाजूस बरड टेकाडें आहेत आणि मुरूम जवळपास सांपडतो. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मात्र गाळाची जमीन शेंकडों फूट खोल गेली आहे. नांदुरा किंवा शेगांवच्या माणसाला स्वतःच्या प्लॉटवर कितीहि खणलें तरी मुरूम लागावयाचा नाहीं. तो घाटाच्या पायथ्याकडून, अथवा जळगांव जामोद-संग्रामपूरच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याकडून आणावा लागतो. तेथें मुरमाच्या किंमतींत वाहतुकीचाच वांटा मोठा. वाहतूक महाग पडली म्हणजे विकणाऱ्याच्या मनांत काय येतें, हें सांगावयास नको : वर दोन घमेलीं तांबडा मुरूम आणि खालीं जवळच्या शेतांतील माती. म्हणून खेप खाली होतांना घरचें माणूस तेथें उभें असावें, आणि ढिगाच्या मध्यांतला नमुना हातांत घेऊन पाहावा.

परीक्षा अगदीं सोप्या आहेत. मूठभर माती ओली करून तळहातांवर वळावी. तिची शेवयीसारखी बारीक वळी होत असेल तर ती परत पाठवावी. मुरमाची वळी होण्यापूर्वींच तुटते. स्वीडनमधील आटरबर्ग या शास्त्रज्ञानें १९११ च्या सुमारास मातीच्या चिकणपणाचें माप ठरविलें तें अशाच वळीवरून, आणि जगांतील प्रयोगशाळा अजून तेंच वापरतात. दुसरी परीक्षा दोन बरण्यांची. माती वाळवून, कुटून, बारीक गाळणीनें गाळावी. सारख्या आकाराच्या दोन उभ्या कांचेच्या नळ्या घेऊन दोहोंत सारखे चमचे माती घालावी. एकींत पाणी भरावें, दुसरींत रॉकेल. रॉकेलांत माती फुगत नाहीं. चोवीस तासांनीं दोन्ही थरांची उंची मोजावी. रॉकेलांतील थर दोन इंच आणि पाण्यांतील तीन इंच भरला, तर ती माती निम्म्यानें फुगली असें झालें. सरकारी रस्त्यांच्या भरावांत पन्नास टक्क्यांहून अधिक फुगणारी माती घालूं नये असा नियम आहे. घराच्या जोत्यासाठीं आपण याहूनहि कडक असावें असें मला वाटतें. चांगल्या मुरमाचे दोन्ही थर जवळजवळ सारखे दिसतात.

पूर्णेकांठच्या कांहीं भागांत आणखी एक अडचण आहे. तो खारपाणपट्टा. तेथील माती भरींत घातली तर तींतील क्षार ओलीबरोबर भिंतींत चढतात, लोणा लागतो आणि गिलावा पोपड्यांनीं सुटतो. पडक्या वाड्याची किंवा गढीची पांढरी मातीहि याच कारणानें भरीस घेऊं नये; भिंतीला ती चांगली, पण शतकानुशतकांच्या वस्तीचा खार तींत मुरलेला असतो. शेतकरी ती खत म्हणून नेतात यावरूनच काय तें समजावें. पाडलेल्या घराच्या मलब्याविषयीं म्हणाल तर विटांचे व दगडांचे लहान तुकडे चालतील. लाकडाच्या ढलप्या, कागद, चिंध्या, मुळ्या मुळींच नकोत. त्या कुजून पोकळी होते, आणि वाळवीला तें आमंत्रणच. मुठीहून मोठा दगडहि नको. त्याच्या बगलेंतील माती नीट दबत नाहीं.

तलावांतील गाळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या बाबतींत आपल्याच जिल्ह्याचें नांव देशभर झालें आहे. राष्ट्रीय महामार्गांचे भराव घालावयास लागणारी माती व मुरूम येथील तलाव, नाले, नद्या खोल करून घेण्यांत आला. रस्त्याला भर मिळाली आणि गांवाला पाण्याचा सांठा. हा प्रकार 'बुलढाणा पॅटर्न' या नांवानें प्रसिद्ध आहे. योजना नामी खरी, परंतु तिच्या कीर्तीमुळें "तलावाची माती भरीस उत्तम" असा समज करून घेऊं नये. तलावांतून निघतें तें एकजात नसतें. वरचा मऊ गाळ हा शेताचा. तो काळीचाच सख्खा भाऊ. त्याखालचा कठीण मुरूम निघाला तर तो घराचा. महामार्गावर माती तपासणारे अभियंते असतात. आपल्या दारांत आपणच.

आतां मागणी किती नोंदवावी तें पाहूं. आपल्याकडे माप ब्रासचें, म्हणजे १०० घनफूट. मेट्रिक मापानें सुमारें २.८३ घनमीटर. समजा जोत्याची आंतली लांबी ३० फूट, रुंदी २० फूट आणि भर २ फूट घालावयाची आहे. गुणाकार १२०० घनफूट, म्हणजे १२ ब्रास. परंतु हें माप दबलेल्या भरीचें झालें. ट्रॉलींतला मुरूम सैल असतो; पाणी मारून चोपल्यावर तो साधारण पांचव्या ते चौथ्या हिश्श्यानें बसतो. म्हणून १२ नव्हे, निदान १५ ब्रास मागवावा. येथेंच दुसरा घोटाळा होतो. बोलतांना "एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास" असें म्हणतात. टेप घेऊन ट्रॉली आंतून मोजावी. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट खोल अशी ट्रॉली काठोकांठ भरली तरी ९० घनफूटच माल येतो. अशा १५ खेपांत दीड ब्रास कमी पडला, आणि पैसे मात्र पुऱ्या पंधराचे गेले. वजनावर भाव ठरवूं नये. ओला मुरूम जड भरतो, आणि मग आपण पाणी विकत घेतों.

माल चांगला आला, पुरा आला, तरी तो एकदम दोन फूट ओतून वरून पाट सोडला तर सर्व व्यर्थ. सहा ते आठ इंचांचा एकेक थर पसरावा, त्यावर पाणी शिंपडावें आणि धुम्मसानें अथवा यंत्रानें चोपून मगच पुढचा थर घालावा. पाणी किती, तर लाडू वळण्याइतकी ओल असावी. फार कोरडी माती दबत नाहीं, फार ओली निसटते. या दोहोंमधील नेमकी ओल शोधण्याची पद्धत प्रॉक्टर नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें १९३३ सालीं प्रसिद्ध केली. आपल्याकडे भरींत रात्रभर पाणी सोडून ती बसविण्याची रीत फार आहे. खालीं खडक असेल तेथें ती खपून जाते. खालीं काळी असेल तेथें आपण होऊन पायाला पाणी पाजण्यासारखें आहे. भर उन्हाळ्यांत घालून तिला एक पावसाळा खाऊं द्यावा व मग फरशी बसवावी, हा जुन्या गवंड्यांचा आग्रह मात्र शक्य तेथें अवश्य पाळावा.

घराबाहेरची बाजूहि विसरूं नये. पायाच्या खंदकाची बाहेरील भर मुरमाचीच व तशीच चोपून घालावी, आणि अंगणाला भिंतीपासून दूर ढाळ द्यावा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पुरे. भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करून त्यांत रोज पाणी सोडण्याची हौस काळ्या जमिनींत महागांत पडते.

शेवटीं कागदाची गोष्ट. मुरूम हें गौण खनिज आहे, आणि भरावासाठीं वापरली जाणारी साधी मातीहि केंद्र सरकारनें ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेनें त्याच सदरांत घातली. स्वतःच्या प्लॉटवर पायासाठीं खणलेली माती तेथेंच वापरली तर स्वामित्वधन लागतें काय, हा वाद पुण्याच्या बांधकाम-व्यावसायिकांनीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तेव्हां डिसेंबर २०१४ मध्यें न्यायालयानें सांगितलें, कीं नुसत्या खोदण्यानें तें लागत नाहीं, त्या मातीचा उपयोग कशासाठीं झाला हें पाहिलें पाहिजे. विकत आणलेल्या मुरमाचें तसें नाहीं. त्याच्या प्रत्येक खेपेबरोबर वाहतुकीचा परवाना असावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) ४८ व्या कलमान्वयें विनापरवाना खनिज काढल्यास बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो व वाहनहि अडकविलें जातें. तुमच्या दारांत अर्ध्या खाली झालेल्या ट्रॉलीची तलाठ्यानें चौकशी केली तर काम तुमचेंच थांबतें. तेव्हां भाव ठरवितांना परवान्यासह भाव विचारावा आणि पावतीवर ब्रासांचा आंकडा लिहवून घ्यावा.