बंदूक यादीत शेवटी

आमच्या फ्रिजवर महिनाभर एक यादी चिकटवलेली आहे. पहिल्या ओळीत पाणी, दुसऱ्या ओळीत बर्फ, तिसऱ्या ओळीत कंगवा. रायफल पार तळाला. ही हरणाच्या शिकारीला निघालेल्या मुलीची यादी आहे, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता. ऑफिसातल्या माझ्या सिनियरनं ती करायला लावली. तो लहानपणापासून वडिलांबरोबर डोंगरात जातोय. माझी ही पहिलीच खेप.

मी मूळची नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आमच्याच तालुक्यात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे काळविटाला हात लावायची सोय नाही, त्यामुळे हरीण आणि शिकार हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर कोर्टच येतं. आता नोकरीसाठी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला राहते. तेच रखरखीत माळ, तेच कोरडे ओढे. पण इथे हरणाची शिकार सरकारी वेळापत्रकानुसार, लॉटरी काढून होते.

हो, लॉटरीच! उन्हाळ्यात राज्याच्या गेम अँड फिश खात्याकडे अर्ज करायचा. कुठल्या भागात, कुठल्या आठवड्यात जायचं, याचे पाच पर्याय पसंतीक्रमानं भरायचे. नंबर लागला तर एक टॅग मिळतो. एक टॅग म्हणजे एक हरीण, ठरलेल्या जातीचं, ठरलेल्या भागात, ठरलेल्या दिवसांत. नाही लागला तर एक बोनस पॉइंट, म्हणजे पुढच्या वर्षी शक्यता थोडी जास्त. खात्याचा सुरक्षेचा कोर्स मोठ्यांना सक्तीचा नाही, पण केला तर एक पॉइंट कायमचा मिळतो. मी केला. पॉइंटसाठी केला आणि बंदुकीची भीती तिथे पहिल्यांदा कमी झाली. माझ्यासारख्या व्हिसावरच्या लोकांना इथे एरवी बंदूक हाताळायला बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन्स हा त्याला एक अपवाद. तरी आधी वकिलाला विचारलं. व्हिसाशी खेळ नको.

टॅग आहे कूज हरणाचा. एलियट कूज या लष्करी डॉक्टर-निसर्ग अभ्यासकावरून हे नाव पडलं. त्याच्या घरातला उच्चार 'काउज' होता म्हणे, पण इथले शिकारी 'कूज'च म्हणतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची ही छोटी उपजात. मोठा नरसुद्धा फार तर 45 किलोंचा. करड्या रंगामुळे त्याला 'करडं भूत' म्हणतात. टूसॉनच्या दक्षिणेला सांता रिटा डोंगर आहेत. खाली वाळवंट, वर ओकची झाडी. ही झाडी जिथे सुरू होते तिथे ते राहतं.

ऑगस्टपासून आम्ही दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन बसतो. फिरत नाही, बसतो. सूर्य उगवायच्या आधी एखाद्या उंचवट्यावर चढायचं, ट्रायपॉडवर दुर्बीण लावायची आणि समोरचा उतार पट्ट्या-पट्ट्यांनी बघत राहायचं. पहिल्या दिवशी मला तीन तासांत एक गाय दिसली. सिनियरला त्याच उतारावर चार हरणं दिसली होती. "हरीण शोधू नकोस, कान शोध. आडवी रेघ शोध," तो म्हणाला. झाडं उभी असतात, हरणाची पाठ आडवी असते. आता मला दिसतात. पहिलं दिसलं तेव्हा मी ओरडलेच, आणि ते गेलं.

आता पाणी. माणशी दिवसाला किमान चार लिटर धरायचं. दोघं, तीन दिवस, म्हणजे झाले 24 लिटर. पण गाडी बंद पडली तर? वाट चुकलो तर? म्हणून 19 लिटरचे दोन कॅन. नकाशावर निळी रेघ दिसते म्हणून ओढ्याला पाणी असेल असं समजायचं नाही. आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. आणि जिथे पाणी असेल तिथे तंबू ठोकायचा नाही. जनावरांना दुसरं पाणी नसेल, तर त्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करणं इथे गुन्हा आहे. हा नियम वाचून मला इथल्या लोकांबद्दल थोडं बरं वाटलं, खरं सांगते.

कंगवा चोयासाठी. चोया म्हणजे असा निवडुंग, की त्याचा काटेरी गोळा नुसता घासला तरी अंगाला चिकटतो. हातानं ओढायला गेलं की हातालाही. मोठ्या दातांचा कंगवा मध्ये घालून झटका द्यायचा. सप्टेंबरमध्ये पोटरीवर प्रयोग झालाय.

आणि बर्फ. खरं प्लॅनिंग इथे आहे. ऑक्टोबरअखेर रात्री गारठा असतो, पण दुपारी पारा 27-28 पर्यंत जाऊ शकतो. हरीण पडल्यावर अंगातली ऊब लगेच बाहेर काढली नाही तर मांस नासतं. म्हणजे तिथल्या तिथे कातडं सोलायचं, तुकडे करायचे, हवा जाईल अशा सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगायचे, मग पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणि बर्फाच्या पेटीत. हाडं काढली तरी 15 किलोंच्या आसपास मांस निघतं. खाण्यायोग्य मांस वाया घालवणं हा इथे गुन्हा आहे. त्यामुळे प्रश्न नेम लागेल का हा नाहीच. आमचा ठरलेला नियम असा, की जिथून दोन फेऱ्यांत मांस गाडीपर्यंत आणता येणार नाही तिथे गोळी झाडायची नाही. समोर कितीही मोठ्या शिंगांचा नर असो. सिनियरनं एकदा, विशीत असताना, हा हिशेब केला नव्हता. त्याबद्दल तो अजूनही पुरतं बोलत नाही.

रायफल त्याच्या ओळखीतून उसनी मिळाली. रेंजवर चार शनिवार घालवले. 200 यार्डांपर्यंत माझा भरवसा आहे, त्यापुढे नाही. तेही यादीत लिहून ठेवलंय, म्हणजे ऐन वेळी स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

आईला फोनवर सांगितलं, तर ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, तिकडं जाऊन हेच शिकलीस का?" मी म्हटलं, आपण दर रविवारी मटण आणतोच की. "ते कापताना तू बघतेस का?" यावर मला उत्तर देता आलं नाही. तेच बघायला चाललेय, असं म्हणणार होते. पण ते पूर्ण खरं नाही. पहाटेच्या त्या उतारावर बसायची मला चटक लागलीय आणि ट्रिगर दाबता येईल की नाही, हे मला अजून माहीत नाही. सिनियर म्हणतो, नाही दाबलास तरी टॅग वाया गेला असं समजू नकोस. त्याचं ठीक आहे, त्याच्या नावावर टॅग नाही!

निघायला आता आठवडा उरलाय. बर्फ विकत घेण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्याच गोठवून न्यायच्या असं ठरलंय, वितळल्या की पिता येतात. फ्रीझरमध्ये जागा करायला कालच आइस्क्रीम संपवलं. मटार अजून शिल्लक आहेत.