आजोबा पुढे, नात मागे

गेल्या उन्हाळी सुट्टीतील गोष्ट. सहा वर्षांच्या नातीला दिल्लीस तिच्या आईवडिलांकडे पोहोचविण्याची कामगिरी आमच्याकडे आली. हुबळीहून बंगळूरपर्यंत आगगाडी व पुढे विमान, असा बेत होता. आमचे तिकीट जावईबापूंनी आधीच काढले होते. नातीचे येणे मागाहून ठरल्याने तिचे तिकीट निराळे निघाले. त्यात काही वावगे आहे, असे कुणाच्याच मनात आले नाही.

बंगळूरच्या विमानतळावर खिडकीवरील मुलगी हसतमुखाने म्हणाली, ‘‘सर, मागचा वर्ग भरला आहे. आपल्याला पुढच्या वर्गात जागा दिली आहे, जादा पैसे नाहीत.’’ आम्ही क्षणभर सुखावलो. इतक्यात नातीने विचारले, ‘‘आजोबा, आणि मी?’’ तिची जागा पार मागे, तेविसाव्या रांगेत होती!

रेल्वेत ‘जरा सरकून घ्या’ म्हटले की भागते. येथे यंत्राने दोन निरनिराळे प्रवासी पाहिले होते. त्यांचे नाते त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. आम्ही पुढची जागा नम्रपणे नाकारली आणि नातीचे वय सांगून वरिष्ठांना बोलाविण्याची विनंती केली. पंधरा मिनिटे रांग खोळंबली, मागच्यांनी कुरकुर केली. पण अखेर एकाच रांगेतील दोन जागा मिळाल्या. विमान उडताना नातीने आमचे बोट घट्ट धरले, तेव्हा पुढच्या रुंद खुर्चीची आठवणही राहिली नाही.

घरी परतल्यावर आम्ही नियम पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये विमान कंपन्यांना निर्देश दिले, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सोबतच्या आईवडिलांपैकी वा पालकांपैकी निदान एकाजवळ जागा द्यावी. मात्र त्यात एक मेख आहे: दोघांचे आरक्षण एकाच पी.एन.आर. क्रमांकावर हवे. आमची चूक नेमकी तेथेच होती.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे असे, की मुलाचे तिकीट शक्यतो मोठ्यांबरोबर एकाच वेळी काढावे. ते वेगळे निघालेच, तर कंपनीला लगेच कळवून दोन्ही आरक्षणांची परस्परांत नोंद करवून घ्यावी आणि जागा आधीच ठरवाव्यात. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसू शकते. परंतु परतीच्या तारखेआधी त्याला दोन वर्षे पूर्ण होत असतील, तर परतीसाठी स्वतंत्र जागा लागते. जन्मदाखला जवळ ठेवावा. पाय पसरायला ऐसपैस असली, तरी संकटकालीन दरवाजाजवळची रांग मुलांना मिळत नाही.

वरच्या वर्गासाठी पैसे भरताना ती जागा मुलालाही मिळते ना, हे आधी विचारून घ्यावे. उलट, वरच्या वर्गाचे पैसे घेऊन कंपनीने खालच्या वर्गात बसविले, तर गप्प बसू नये. फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या नियमानुसार, देशांतर्गत प्रवासात अशा वेळी करांसह तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत मिळते. परदेश प्रवासात अंतरानुसार 30, 50 किंवा 75 टक्के. विमानात जागांपेक्षा प्रवासी अधिक झाले, तर स्वखुशीने मागे राहणारे कोणी आहेत का, हे कंपनीने प्रथम विचारले पाहिजे. मूल सोबत असता अशा वेळी नुकसानभरपाईच्या मोहाने एकट्याने हात वर करू नये.

आपली कुटुंबे आता धारवाड-हुबळीपासून दिल्लीपर्यंत आणि त्याही पलीकडे विखुरली आहेत. नातवंडांना ने-आण करण्याचे काम पुष्कळदा आजी-आजोबांवरच येते. तेव्हा पेढ्यांचा पुडा पिशवीत घालण्यापूर्वी दोन्ही तिकिटांवरचा क्रमांक एकच आहे ना, एवढे चष्मा लावून पाहावे. आम्ही पाहिले नव्हते.