कॅमेऱ्याची डायल आणि प्रकाशाचे गणित

आषाढी वारीत पांढऱ्याशुभ्र वेशातील वारकऱ्यांचे छायाचित्र टिपावे आणि ते करडे, मळकट यावे, असा अनुभव अनेक हौशी छायाचित्रकारांना येतो. वेरूळच्या काळ्या पाषाणातील शिल्पे टिपताना नेमके उलटे घडते. दगड फिकट दिसू लागतो. दोन्हींचे कारण एकच. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे गृहीत धरून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हिशेब करतो.

हा हिशेब दुरुस्त करण्यासाठी अनेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणे आकड्यांची 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' डायल असते. शुभ्र दृश्यासाठी ती साधारण +१ वर, तर गडद दृश्यासाठी -१ वर न्यावी. +१ म्हणजे दुप्पट प्रकाश, -१ म्हणजे निम्मा. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये आयएसओ स्थिर असेल, तर हा बदल शटरच्या वेगात होतो. १/२५० सेकंदाऐवजी शटर १/१२५ सेकंद उघडे राहते. त्यामुळे फुगडी घालणारे वारकरी अस्पष्ट येऊ शकतात. अशा वेळी आयएसओ वाढवणे श्रेयस्कर.

मात्र अधिकाच्या बाजूला अतिरेक नको. पांढऱ्या भागातील तपशील पूर्णपणे नाहीसे झाले, तर ते संगणकावरही परत मिळत नाहीत. दृश्य बदलताच डायल शून्यावर आणण्याचे विसरू नये. अन्यथा पुढची सर्व छायाचित्रे बिघडतात. डोळा दृश्यावर आणि अंगठा डायलवर, ही सवय जडली की हातचा क्षण निसटत नाही.