दहा पिंपरी-चिंचवड

पुण्याहून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी, आणि तिथून पिंपरी-चिंचवड सुरू. पुलाच्या अलीकडे, खडकीत, अपंग जवानांना हाताला काम शिकवणारी एक जुनी संस्था आहे: क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली ती मुंबईत सुरू झाली, पुढे खडकीला आली. पहिल्या महायुद्धासाठी भारतातून १३ लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली होती. ७० हजारांवर गेली ती कायमची, ६० हजारांवर जखमी झाली. हात-पाय गमावून घरी आलेल्याने पुढे जगायचं कशावर, या प्रश्नातून ही संस्था उभी राहिली. पिंपरीत कारखानदारी सुरू झाली ती १९५४ साली, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या औषध कंपनीपासून. म्हणजे हा औद्योगिक पट्टा जन्मायच्या कितीतरी आधीपासून इथे हे काम चालू आहे.

आता देशाचा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. देशातल्यांपैकी काम करणारे साधारण ९७ लाख. उरले १ कोटी ७० लाख. त्यात मुलं आणि म्हातारी माणसंही आहेत, हे खरं. तरीही आकडा मोठाच आहे. त्याच जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या होती सव्वासतरा लाख. म्हणजे हाताला काम नसलेल्या या माणसांची जवळपास दहा पिंपरी-चिंचवड भरतील! एवढ्या गर्दीला एखादी संस्था, मग ती कितीही जुनी असो, कुठे पुरणार?

पुरू शकतात ते कारखाने. भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमधला, भोकाचं माप तपासायचा प्लग गेज घ्या. त्याचं ‘गो’ टोक भोकात सरकलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक अडलं पाहिजे. सरकलं की अडलं, हे बोटांना कळतं. त्यासाठी डोळे लागत नाहीत. जॉब धरायला नीट फिक्स्चर बनवलं, तर कित्येक कामं एका हातानेही होतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा ठेवल्या. खासगी कारखान्यांवर मात्र सक्ती नाही. त्यांच्याकडे किमान ५ टक्के दिव्यांग कामगार असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. हजार कामगारांच्या प्लांटमध्ये ५० जण. वीस कामगारांच्या वर्कशॉपमध्ये फक्त एक.

भोसरी-चाकणच्या उद्योजकांनो, पुढची भरती काढताना तो एक माणूस शोधा.